टेस्ट राइड : पंपापर्यंत जाऊन परत, की आपल्या रोजच्या रस्त्यावर?

घाटमाथा

नमस्कार. गेले तीन शनिवार मी मोटारसायकल बघत हिंडतेय, दोन साताऱ्यात आणि एक पुण्यात. गाडी अजून घेतलेली नाही, पण टेस्ट राइडबद्दल एवढं काही कळलं की ते इथे लिहून ठेवावंसं वाटलं. काही प्रश्नही आहेत, जाणकारांनी उत्तरं द्यावीत.

आधी माझ्याबद्दल. उंची ५ फूट २ इंच. गिअरची गाडी कॉलेजपासून चालवते, पक्कं लायसन २००९ चं. सध्या बाबांची जुनी स्प्लेंडर आहे, तिच्यावर रोज सातारा-कोरेगाव-सातारा. गाडीनं कधी दगा दिला नाही, पण आता इंजिनाचं मोठं काम निघालंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्या गाड्यांचा ४० वर गेला. तेव्हापासून घरात ‘घ्यायचीच तर साडेतीनशे घेऊन टाक’ सुरू झालं. मलाही मनातून तीच हवी होती.

मग रीतसर वही घेऊन बसले. स्प्लेंडर प्लस ११२ किलो, सीटची उंची ७८५ मिमी. रॉयल एनफिल्डची मीटिऑर १९१ किलो, ७६५ मिमी. त्यांचीच हंटर १८१ किलो, ७९०. होंडाची हायनेस १८१ किलो, ८००. रॉयल एनफिल्डचीच क्लासिक १९५ किलो, ८०५. म्हणजे आजवर जी गाडी मी पाय टेकवत इकडून तिकडे ढकलत आले, तिच्यापेक्षा यातली प्रत्येक गाडी सत्तर-ऐंशी किलोनं जड. कमी उंची आणि कमी वजन जिथे जुळतं त्या गाडीवर मी पेनानं गोल केला आणि निम्मा निर्णय झाला असं समजून वही मिटली.

पहिल्या शोरूममध्ये नवरा सोबत होता. तिथला मुलगा सगळं त्याच्याशीच बोलत होता. गाडी मला घ्यायची आहे असं दोनदा सांगितल्यावर म्हणाला, “मॅडमसाठी स्कूटर दाखवू का?” टेस्ट राइड मागितली तर म्हणे लेडीजना एकटीला देत नाही, मी चालवतो, तुम्ही मागे बसा. खोटं नाही सांगत, मी बसलेसुद्धा, कारण त्या क्षणी काय बोलावं ते सुचेना. पेट्रोल पंपापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. उतरल्यावर त्यानं विचारलं, “कशी वाटली?” मागच्या सीटवर बसून मला क्लच कळणार की ब्रेक? घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी होतं. लायसन पर्समध्येच होतं, कुणी बघितलंही नाही.

दुसरीकडची माणसं चांगली होती. लायसनची झेरॉक्स घेतली, एका फॉर्मवर सही घेतली, हेल्मेट दिलं आणि किल्ली हातात ठेवली. पण फेरी तेवढीच, पंपापर्यंत. सपाट, सरळ, मोकळा रस्ता. तिथे कुठलीही गाडी छानच वाटणार. इंजिनचा तो धीमा आवाज ऐकून मी इतकी खूश झाले की ५००० रुपये बुकिंगचे भरायला निघाले होते. नवरा म्हणाला, एक रात्र जाऊ दे. त्याचं ते वाक्य आज फार मोलाचं वाटतं.

कारण पुढच्या शनिवारी मी सकाळी नऊला, शोरूम उघडता उघडता गेले आणि स्पष्ट मागितलं, “मला अर्धा तास द्या, यवतेश्वर घाटात जाऊन यायचंय.” मॅनेजरांनी जरा विचार केला, आपला एक माणूस दुसऱ्या गाडीवर सोबत दिला आणि हो म्हणाले. घाट चढताना गाडी सुरेख गेली. वळणावर दुसऱ्या गिअरला नुसती खेचत होती. वर एका ठिकाणी थांबायचं म्हणून मी रस्त्याच्या कडेला उतरत्या मातीवर गाडी घेतली. पुढचं चाक दरीकडच्या कठड्याच्या बाजूला, खाली बारीक खडी. फोटो काढला, गाडीवर बसले आणि मागे घ्यायला गेले. दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकत होते. जोर लावला की चपलेखालची खडी सरकायची आणि गाडी मागे यायच्या ऐवजी बोटभर पुढे जायची. तिसऱ्या वेळी गाडी डावीकडे कलली, मी कशीबशी सावरली, मांडी थरथरायला लागली. शेवटी सोबतच्या मुलानं पुढून ढकलून दिली. ऑफिसचं पार्किंग अगदी असंच आहे, उतारावर आणि कच्चं. तिथे रोज कोण ढकलायला येणार?

गाडी कुठली ते मुद्दाम लिहीत नाही. दोष गाडीचा नव्हता. माझी उंची, माझा उतार आणि तिचं वजन यांचं जमलं नाही, एवढंच. पण पंपाच्या फेरीत हे मला जन्मात कळलं नसतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सीटची उंची हा आकडा एकटा काही सांगत नाही. एका गाडीची सीट कागदावर कमी उंच होती, पण पुढच्या बाजूला इतकी रुंद की मांड्या फाकायच्या आणि पाय अधांतरी. दुसरी १० मिमीनं उंच, पण टाकीजवळ निमुळती, त्यामुळे पाय नीट टेकले. वहीतला माझा गोल चुकीच्या गाडीवर होता.

आता प्रश्न. टेस्ट राइडला किती वेळ मागणं रास्त आहे? सही घेतात त्या फॉर्मचा अर्थ काय, पडलो तर पैसे कुणी द्यायचे? सध्या थंडी आहे, मग उन्हाळ्यात इंजिनची धग पायाला किती लागेल हे आत्ता कसं ओळखायचं? आणि माझी आई, वय ६८, गुडघे दुखतात, महिन्यातून चार-पाच वेळा मागे बसते, एका बाजूला पाय टाकून. तिला शोरूममध्ये न्यावं की नको?

सह्याद्री_सायकलवाला

वाचनखूण साठवली. मलाही याच महिन्यात गाडी घ्यायची आहे. घाटातला प्रसंग वाचून पार्किंगमध्ये जाऊन स्वतःची गाडी उतारावर मागे घेऊन बघितली.

जुना पाना

ताई, धागा चांगला काढलात. वीस वर्षं गॅरेज चालवतोय, अनुभवाचं सांगतो.

शोरूममध्ये गेल्यावर किल्ली फिरवायच्या आधी इंजिनजवळ हात न्या. गरम लागलं तर समजायचं की आत्ताच कुणीतरी फिरवून आणली आहे. सकाळची पहिली राइड मागा, गाडी थंड असताना एका स्टार्टरला सुरू होते का, लगेच बंद पडते का, ते कळतं. मग टायर बघा. टेस्ट राइडच्या गाडीकडे कुणी लक्ष देत नाही, हवा हमखास कमी असते. पुढच्या चाकात हवा कमी असली की हँडल जड लागतं आणि माणूस म्हणतो ‘गाडीच जड आहे’. चेन ढिली असली की प्रत्येक गिअरला झटका बसतो आणि माणूस म्हणतो ‘इंजिन झटके मारतं’. म्हणून निघताना हवा चेक करून द्या म्हणायचं. शोरूमच्या मागे वर्कशॉप असतंच, दोन मिनिटांचं काम. मीटरवरचं रीडिंगही बघा. चार-पाच हजार किलोमीटर शंभर वेगवेगळ्या हातांनी पळवलेली गाडी आणि तुम्हाला मिळणारी नवी गाडी, दोन्ही सारख्या लागणार नाहीत. क्लच प्लेट तर सगळ्यात आधी मरते.

चालवताना वेग बघू नका, हळू चालवा. गाडीची खरी परीक्षा हळू चालवण्यात आहे. तिसऱ्या गिअरला पंचवीस-तीसच्या स्पीडनं चालवा आणि अलगद अ‍ॅक्सिलेटर द्या. इंजिन खडखडतं का, उसळी मारतं का? गावात आपण दिवसभर तेच करतो. मग सिग्नलला न्यूट्रल शोधा, एकदा नाही, दहा वेळा. पहिल्यातून वर आणि दुसऱ्यातून खाली, दोन्हीकडून सापडला पाहिजे. न्यूट्रल सापडत नसेल तर क्लच दाबून उभं राहावं लागतं आणि डावं मनगट आठ दिवसांत बोलायला लागतं.

व्हायब्रेशनसाठी साठला आणि ऐंशीला एक-एक मिनिट स्थिर चालवा आणि आरशात बघा. मागच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येत असेल तर ठीक. आरशात सगळं थरथरत असेल तर तीच थरथर हँडलमधून तुमच्या करंगळीत जाणार. फूटरेस्टवर बुटाच्या तळव्यालाही लक्ष द्या.

ब्रेकचं. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचं आहे, पण ते फक्त पुढच्या चाकाला आहे की दोन्हींना, हे विचारून घ्या. दोन्हींना असेल तरच, रिकाम्या कोरड्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, तीस-चाळीसच्या स्पीडला मागचा ब्रेक जोरात दाबा. एबीएस सुरू झालं की पायाखाली पेडल धडधडतं. ते एकदा अनुभवून ठेवा, म्हणजे पावसात पहिल्यांदा धडधडलं की घाबरून पाय काढणार नाही.

आणि एक विनंती. हँडल वळलेलं असताना, हळू स्पीडला, पुढचा ब्रेक दाबू नका. टेस्ट राइडला पडलेली जी माणसं मी पाहिली ती वेगात पडलेली नाहीत, शोरूमच्या दारात यू-टर्न घेताना पडली आहेत. अनोळखी वजन, अनोळखी ब्रेक, आणि लोक बघताहेत म्हणून घाई.

धगीबद्दल : हवेवर थंड होणाऱ्या इंजिनला वाहती हवा लागते. पहिली दहा मिनिटं काहीच जाणवत नाही. अर्धा तास चालवून शेवटची पाच मिनिटं गर्दीतून काढा आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला, पोटरीला काय लागतं ते बघा. रेडिएटरवाल्या गाडीत उभ्या जागी पंखा सुरू होतो, त्याचा गरम वारा नडगीवर येतो का तेही त्याच वेळी कळतं. थंडीत जे कोमट लागतं ते एप्रिलमध्ये भाजणार, एवढं धरून चाला.

सरळमार्गी

मत वेगळं मांडतो, राग नसावा. आजवर तीन गाड्या घेतल्या, एकाही वेळी टेस्ट राइड घेतली नाही. मित्राची गाडी बघितली, आवडली, घेतली. महिनाभरात हात बसतो. एवढं खोलात गेलं तर गाडी घेणंच होणार नाही.

घाटमाथा

@सरळमार्गी, राग कसला. पण तुमची उंची किती? माझ्या ओळखीतल्या ज्या ज्या माणसांचा महिनाभरात ‘हात बसतो’ ती सगळी साडेपाच फुटांच्या वर आहेत. त्यांचे पाय पहिल्या दिवसापासून जमिनीवर असतात. माझा हात बसेल, पण पाय लांब होणार नाहीत. दोन-सव्वादोन लाख रुपये घालून रोज सकाळी पार्किंगमधल्या वॉचमनदादांना हाक मारायची माझी तयारी नाही.

@जुना पाना, मनापासून धन्यवाद. टायरच्या हवेचं लक्षातच आलं नव्हतं.

सरळमार्गी

५ फूट १० इंच. पटलं.

काउंटरपलीकडून

मी सहा वर्षं दुचाकीच्या शोरूममध्ये सेल्सला होतो, आता दुसऱ्या क्षेत्रात आहे. पहिल्या शोरूममधला ताईंचा अनुभव वाचून वाईट वाटलं. आमच्याकडेही हे चालायचं, आणि सुरुवातीला मीही जोडपं आलं की पुरुषाकडे बघूनच बोलायचो. हे चूक आहे. लायसनवर गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग असला की झालं, चालवणारी बाई आहे की पुरुष हे कायदा विचारत नाही. असं कुणी म्हणालं तर शांतपणे लायसन टेबलावर ठेवा आणि मॅनेजरला बोलवा. बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

आता फॉर्म आणि नंबरप्लेट. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये डीलरला ट्रेड सर्टिफिकेट देण्याची तरतूद आहे, आणि नोंदणी न झालेली गाडी त्यावर कशाकशासाठी रस्त्यावर आणता येते ते नियम ४१ सांगतो. त्यात ‘गिऱ्हाइकाला वाजवी चाचणी किंवा प्रात्यक्षिक’ हे स्पष्ट आहे. म्हणजे टेस्ट राइड ही शोरूमची मेहेरबानी नव्हे, तिला नियमात जागा आहे. ट्रेड सर्टिफिकेटच्या गाडीची पाटी लाल आणि अक्षरं पांढरी असतात. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं म्हणजे तात्पुरती नोंदणी, ती कुणाची तरी विकलेली गाडी असू शकते, तिच्यावर टेस्ट राइड घेऊ नका. बऱ्याच ठिकाणी डीलर एक गाडी स्वतःच्या नावावर पासिंग करून ठेवतो, तिला नेहमीची पांढरी पाटी असते. पाटीच नसलेली गाडी समोर आणली तर नम्रपणे नाही म्हणा. रस्त्यात काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल.

फॉर्मवर साधारण असं लिहिलेलं असतं की चालवताना झालेल्या नुकसानीला चालक जबाबदार. सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा. गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टी आहे की गाडीच्या नुकसानीचाही आहे? आणि आरसा, लिव्हर, इंडिकेटर तुटला तर कुणी भरायचं? आमच्याकडे किरकोळ मोडतोड शोरूमच सोसायचं, मोठं काही झालं तर भांडण व्हायचं. आधी विचारलेलं बरं. लायसनच्या झेरॉक्सवर आडवं ‘फक्त टेस्ट राइडसाठी’ आणि तारीख लिहून सही करा. आणि राइडच्या आधी बुकिंगचे पैसे मागितले तर देऊ नका.

शोरूमवाले फेरी छोटी का ठेवतात? पाच-सहा मॉडेल आणि टेस्टला गाड्या दोन. शनिवार-रविवारी रांग लागते, एकाला अर्धा तास दिला की मागचे तीन निघून जातात. म्हणून मंगळवार-बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला जा, आदल्या दिवशी फोन करून मॉडेलचं नाव सांगून ठेवा. तेव्हा सेल्सचा माणूस मोकळा असतो, वीस-पंचवीस मिनिटं सहज देतो. महिन्याचा शेवट मात्र टाळा, टार्गेट डोक्यावर असलं की त्याचं लक्ष तुमच्या राइडवर नसतं.

निवृत्त_आणि_निवांत

आईंना नक्की न्या. गेल्या वर्षी मी एकट्यानं पसंत करून गाडी आणली. आमच्या सौभाग्यवतींनी मागच्या सीटवर एकदा बसून बघितलं आणि सांगितलं, परत बसणार नाही. मागची सीट उंच आणि पुढे उतरती. ब्रेक मारला की त्या माझ्या पाठीवर येत. मागे धरायला काही नाही, पाय ठेवायला जागा अपुरी. शेवटी नवी सीट शिवून घेतली, धरायचा दांडा बसवला, आणि तरीही त्या मंदिरात जायला रिक्षाच करतात. चाळीस वर्षं माझ्यामागे बसल्या, त्यांना आधी विचारायला हवं होतं.

जुना पाना

काकांच्या प्रतिसादाला जोडून. त्याच १९८९ च्या नियमांत नियम १२३ आहे. मागे बसणाऱ्यासाठी धरायला हात, पाय ठेवायला फूटरेस्ट, आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारं आवरण असलं पाहिजे. म्हणजे आपलं साडी गार्ड. टेस्ट राइडच्या गाडीला ते पुष्कळदा काढलेलं असतं, दिसायला बरं म्हणून. तशा गाडीवर आईंना अजिबात बसवू नका. ओढणी-पदर चाकात गेल्यावर काय होतं ते मी पाहिलंय, लिहवत नाही. गार्ड लावून द्या म्हणा, नाहीतर आईंना उभ्या गाडीवर, मेन स्टँडवर बसवून बघा. एका बाजूला पाय टाकून बसणाऱ्याला गार्डवरची पायरीही लागते, ती वेगळी घ्यावी लागेल का तेही विचारा.

राइनकाठी

जर्मनीतून लिहितोय. इथे टेस्ट राइडला ‘प्रोबेफार्ट’ म्हणतात आणि ती घेतल्याशिवाय गाडी घेणारा माणूस मला भेटलेला नाही. फोन करून वेळ ठरवायची, लायसन दाखवायचं, करारावर सही करायची. करारात सरळ आकडा असतो : नुकसान झालं तर इतक्यापर्यंत तुम्ही भरायचं, पुढचं विमा. माझ्या कागदावर १००० युरो होते. मग तास-दीड तास गाडी तुमची, सोबत कुणी येत नाही. हेल्मेट-हातमोजे मात्र स्वतःचे न्यावे लागतात. आपल्याकडेही ‘चालक जबाबदार’ असं मोघम लिहिण्यापेक्षा आकडा लिहिला तर दोन्ही बाजूंची भीती कमी होईल असं वाटतं. आकडा माहीत असला की माणूस निवांत चालवतो.

कुळागर

गोव्याहून एक सुचवतो. इथे भाड्यानं गाड्या मिळतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात आता साडेतीनशेच्या बऱ्याच गाड्या असतात. सुट्टीला येणारच असाल तर जी गाडी डोक्यात आहे तीच दोन दिवस भाड्यानं घ्या. सकाळी थंड, दुपारी तापलेली, रात्री हेडलाइट, मागे माणूस, सगळं कळतं. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच गाडी घ्या, ती भाड्याची अधिकृत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर नको, पोलिसांनी धरलं तर सुट्टी तिथेच संपते. मी माझी गाडी अशीच निवडली. घ्यायची होती ती दोन दिवसांत नावडली, हेडलाइटचा उजेड इथल्या झाडीच्या रस्त्यांना पुरेना. टेस्ट राइड दिवसाच होते, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

सह्याद्री_सायकलवाला

हेडलाइटचा मुद्दा फार महत्त्वाचा. संध्याकाळी सातची वेळ मागून बघतो.

घाटमाथा

सगळ्यांचे आभार. हे सगळं वाचून मंगळवारी रजा टाकली आणि आईला घेऊन गेले. आधी फोन केला होता. दोन गाड्या मागितल्या, त्यातली एक मीटिऑर, जिच्याकडे मी वजन बघून आधी वळलेही नव्हते. १९१ किलो म्हणजे माझ्या यादीतली जवळजवळ सगळ्यात जड.

काउंटरपलीकडून यांनी सांगितल्याप्रमाणे विम्याचं विचारलं. त्यांनी कागद दाखवला, गाडीच्या नुकसानीचाही होता. लायसनच्या झेरॉक्सवर आडवं लिहिलं. वर्कशॉपमधून हवा चेक करून घेतली, पुढच्या चाकात खरंच कमी निघाली.

आधी एकटी गेले. पोवई नाक्याच्या गर्दीतून, मग घाटाच्या पहिल्या चार वळणांपर्यंत, आणि येताना मुद्दाम ऑफिसचं पार्किंग आठवून एका उताराच्या कच्च्या जागेत पुढचं चाक खाली करून गाडी घातली. न्यूट्रल केलं, दोन्ही टाचा जमिनीत रोवल्या आणि मागे रेटली. आली. हळूहळू, पण माझ्या पायांच्या जोरावर आली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. तिसऱ्यांदा उगाच केलं, खरं तर आनंदानं. आधीच्या गाडीपेक्षा जड असूनही ही हलली, कारण इथे सबंध तळवा टेकतो. मी नुसता वजनाचा आकडा बघत होते, त्याला पायाची साथ आहे की नाही ते बघितलंच नव्हतं.

उणं काय तेही लिहिते. या गाडीत पाय पुढे असतात, त्यामुळे खड्डा किंवा स्पीडब्रेकर आला की स्प्लेंडरवर जशी मी किंचित उठून उभी राहायचे तसं जमत नाही. धक्का सरळ कमरेत. कोरेगाव रस्त्यावर स्पीड कमी ठेवावा लागणार. न्यूट्रल दहातून आठ वेळा सापडला. धग अर्ध्या तासानंतर उजव्या पोटरीला जाणवली, सलवारीतून कोमट. एप्रिलमध्ये जास्त लागेल हे धरलंय.

मग आई. साडी गार्ड नव्हतंच, म्हणून मेन स्टँडवर बसवून बघितलं. तिनं डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला, उजव्यानं मागचा दांडा चाचपला, एक पाय फूटरेस्टवर ठेवून स्वतःला वर उचललं. पहिल्या गाडीवर ती मध्येच थांबली होती आणि ‘राहू दे गं’ म्हणून खाली उतरली होती, सीट तिच्या कमरेच्या वर येत होती. इथे बसली. बसून पदर मांडीखाली घेतला आणि म्हणाली, “पाठीला टेकायला आहे की.” सेल्सच्या मुलीनं (हो, मुलगी होती, आणि ती सगळं माझ्याशीच बोलली) लगेच सांगितलं की पायरीसह गार्ड लावूनच गाडी देऊ, आणि बुकिंगच्या पावतीवर तसं लिहून दिलं.

बुकिंग केलं. तीन आठवडे लागतील म्हणाले. @जुना पाना, डिलिव्हरीच्या दिवशी काय बघू?

निवृत्त_आणि_निवांत

अभिनंदन. आईंचं वाक्य घरात वाचून दाखवलं. इकडून उत्तर आलं, “बघा.”

जुना पाना

अभिनंदन ताई. डिलिव्हरी दिवसाउजेडी घ्या, संध्याकाळी दिव्याखाली ओरखडे दिसत नाहीत. पासिंगच्या कागदावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, फार जुना टायर असेल तर तिथेच बोला. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट पावडर नको. हवा, चेनचा ढिलेपणा, दोन्ही ब्रेक, सगळे दिवे, हॉर्न. आणि गार्ड लावलेलं आहे का ते आधी.

पहिले ५०० किलोमीटर जोरात पिळू नका, एकाच स्पीडला तासन्‌तासही चालवू नका. पहिली सर्व्हिस ५०० किलोमीटर किंवा ४५ दिवस, जे आधी येईल ते. तुमच्या रोजच्या जाण्यायेण्यात ५०० दोन आठवड्यांत होतील, तारीख आत्ताच सांगून ठेवा.